बेटावरचे गोडे पाणी

सुकापूरजवळून वाहणारी गाढी नदी माथेरानच्या डोंगरांतून निघून पनवेलच्या खाडीला मिळते. पावसाळ्यात ती दुथडी भरते, उन्हाळ्यात क्षीण होते. म्हणूनच तिच्यावर देहरंगचे धरण बांधावे लागले. कोकणच्या काळ्या पाषाणावर पडणारे पाणी उतार धरते आणि खाडी गाठते. आमच्यापैकी कित्येकांचे आप्त ज्या साष्टी बेटावर नांदतात, तेथील तलावांची कथाही अशीच आहे.

विहार, तुळशी व पवई हे तलाव निसर्गानेच निर्मिले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः निसर्गाने दिली ती केवळ खोरी. त्याच डोंगरांतील कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी कातळात पोढी कोरून पावसाचे पाणी साठविले होते. पुढे १८५४ मध्ये मुंबईत पाण्याचे दुर्भिक्ष पडले, तेव्हा हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ ते १८६० या काळात मिठी नदीचे खोरे अडवून विहार तलाव बांधण्यात आला. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९० च्या सुमारास पवई तलाव तयार झाला.

निसर्ग स्वतः तलाव घडवितो तेव्हा काय होते? फिलिपाईन्समधील लुझॉन बेटावरचे ताल सरोवर पूर्वी समुद्राशी जोडलेले होते. १७५४ मध्ये तेथील ज्वालामुखी कित्येक महिने धगधगत राहिला. राखेने व दगडमातीने समुद्राची वाट कोंडली. मग वर्षानुवर्षांच्या पावसाने अडकलेले खारे पाणी हळूहळू गोडे झाले. तेथील ‘ताविलिस’ नावाची तारली आज गोड्या पाण्यातच जगते. परंतु त्याच उद्रेकात जुने ताल गाव उद्ध्वस्त झाले आणि श्रद्धावंत कॅथोलिक गावकऱ्यांना समुद्रकिनारी नवे गाव वसवावे लागले.

साष्टीवर असा प्रलय झाला नाही. तेथे माणसाने बांध घातला. पण बांध घातल्याने पाण्याची वाट संपत नाही. विहार व पवई भरून वाहू लागले की त्यांचे पाणी मिठीतूनच माहीमच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भराव व बांधकामांनी आक्रसलेल्या मिठीला तो सामावता आला नाही, आणि तिच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली.

आज गाढीच्या परिसरातही घरे वाढत आहेत. घर घेताना आम्ही नळाला पाणी येते का, हे आवर्जून विचारतो. पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाते, हेही तितक्याच आस्थेने विचारावयास हवे.