सॅन क्वेंटिनचा रविवार

तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, साथीला नाही. एप्रिल १९१८ मध्ये लॉस एंजेलिसहून आलेल्या एका आजारी कैद्याबरोबर इन्फ्लुएन्झा कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात शिरला. आत सुमारे १,९०० कैदी होते. तुरुंगाचे डॉक्टर लिओ स्टॅनली यांच्या नोंदींत आजाऱ्यांचा आकडा मंगळवार-बुधवारी वाढलेला दिसतो. कारण रविवारी घडे: कैदी सभागृहात दाटीवाटीने बसून चित्रपट पाहत. विलगीकरण करा, गर्दीच्या जागा बंद ठेवा, हा निष्कर्ष स्टॅनलींनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केला.

ही नोंद मला मोलाची वाटते आणि अस्वस्थही करते. त्याच १९१८ मध्ये याच डॉक्टरांनी फाशी दिलेल्यांच्या वृषणांचे कैद्यांवर रोपण सुरू केले. कोंडलेली माणसे मोजायला सोपी असतात, वापरायलाही.