पेण–रोह्याचा लोहमार्ग

सन १८५३ मध्यें हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास धांवली. ठाणें आम्हांस कांहीं दूर नाहीं. तरी तिची शीळ पेण व रोहें येथें ऐकूं येण्यास १९८६ साल उजाडावें लागलें. १३३ वर्षांची ही प्रतीक्षा कशी सरली, हें तरुण वाचकांनीं जाणून घ्यावें.

पूर्वीं मुंबईची वाट बहुधा पाण्यावरून असे. आगबोटीनें धरमतरास उतरावें व तेथून खुष्कीनें पेण गांठावी. पावसाळ्यांत या जलप्रवासाची किती धास्ती असे, तें १७ जुलै १९४७ या दिवसानें दाखविलें. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशीं बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

लोहमार्ग आला तो टप्प्याटप्प्यानें. १९६० नंतरच्या दशकांत दिव्याहून पनवेल व पुढें आपट्यापर्यंत रूळ पडले. त्यानंतर काम पुष्कळ वर्षें थांबलें. अखेर १९८६ मध्यें जितें, हमरापूर, पेण, कासू, नागोठणें व निडी या गांवांवरून गाडी रोह्यास पोहोंचली. या मार्गाचा मोठा हेतु कारखान्यांचा माल वाहण्याचा होता. पेणेहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांचा फांटाही गेला. परंतु विद्यार्थी, कामगार व भाजीविक्रेते यांसही त्याचा आधार झाला.

१९९० मध्यें कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें व श्री. ई. श्रीधरन् यांनीं त्याची धुरा घेतली. रोहें ते वीर हा भाग १९९३ मध्यें सुरू झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग वाहतुकीस खुला झाला. अशा रीतीनें शेवटचें स्थानक असलेलें रोहें कोंकणचें प्रवेशद्वार बनलें. जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांचा प्रवासही त्यामुळें सुलभ झाला.

एक खंत मात्र उरते. कोंकणांत जाणाऱ्या अनेक जलद गाड्या पेणेस न थांबतां निघून जातात. ज्यांच्या शेतांतून रूळ गेले त्यांनीं गाडी केवळ पाहावी, हें न्यायाचें नव्हे.

हा मार्ग बांधतांना ज्या मजुरांनीं देह ठेविले त्यांचें स्मारक रत्नागिरीस आहे. गाडींत बसतांना त्यांच्या आत्म्यांस चिरशांति लाभो, अशी प्रार्थना प्रत्येकानें करावी. आपला सुखाचा प्रवास त्यांच्या श्रमांवर उभा आहे.