नव्या गाडीतला दोष आणि वर्कशॉपच्या खेपा

नवी कोरी मोटार सदोष निघाली तर ती दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की पैसे परत करायचे, हा वाद भारतात मोटारीपेक्षा बराच उशिरा आला. स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षे तो जवळजवळ कुणी घातलाच नाही. त्या काळात मोटारी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीनच होत्या. हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला होता आणि स्टँडर्डचा मद्रासला. तिसरी कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. तिथून निघणाऱ्या गाडीला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, मग १९७०च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले तरी. मोटारींच्या वाटपावर १९५९च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले होते. पुढे १९६९ मध्ये किमतीही सरकारच ठरवू लागले. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबायचे आणि नंबर लागला की मिळेल ती गाडी घ्यायची, अशी रीत होती. रंग निवडायला मिळाला तरी नशीब म्हणायचे. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती आलेली गाडी ‘खराब आहे, परत घ्या’ म्हणणे म्हणजे पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहणे.

त्यामुळे दोष काढण्याचे काम मालकाने आपल्याकडेच घेतले. गाडी ताब्यात आली की ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन नटबोल्ट आवळून घ्यायचे, दारे नीट बसतात का ते पाहायचे, पावसाळ्याआधी काचेच्या रबरातून पाणी झिरपते का ते तपासायचे. मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची चिठ्ठी लावून पहिला हजारेक मैलांचा प्रवास जपून करायचा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरातला सुट्या भागांचा बाजार या व्यवस्थेचा दुसरा आधार होता. तक्रारी नव्हत्या असे मात्र नाही. देशी मोटारींच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की १९६७ मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पण समिती दर्जा तपासणार, एखाद्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचे काय करायचे हे सांगणार नव्हती.

त्यासाठी कायदा होता तो १९३०चा, मालविक्रीचा. विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट त्याच्या सोळाव्या कलमात गृहीत धरलेली आहे. खरी मेख तेराव्या कलमात आहे. ग्राहकाने माल एकदा स्वीकारला की त्याचा माल नाकारण्याचा हक्क संपतो आणि फक्त नुकसानभरपाई मागण्याचा उरतो. मोटारीतला दोष शोरूमच्या फरशीवर दिसत नाही, तो रस्त्यावर दिसतो. रस्त्यावर आणलेली, नोंदणी केलेली, महिनाभर वापरलेली गाडी ‘स्वीकारलेली’ ठरायला फारसा युक्तिवाद लागत नसे. त्यात दिवाणी दावा, कोर्ट फी आणि तारखा. गाडीवर दावा लावण्यापेक्षा ती विकून टाकणे शहाणपणाचे, असा हिशेब लोक करत.

हा हिशेब बदलायला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली ग्राहक चळवळ. तिचे मूळ बरेचसे महाराष्ट्रात आहे. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही संस्था १९६६ मध्ये मुंबईत सुरू झाली, बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत १९७४ मध्ये पुण्यात, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत. मक्तेदारीविरोधी कायद्यात १९८४ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची भर पडली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात दोषाची व्याख्या ऐसपैस होती. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, दर्जा यांतली कोणतीही उणीव म्हणजे दोष. उपायही क्रमाने दिले होते: दोष काढून द्या, नवी वस्तू द्या, पैसे परत करा, भरपाई द्या. तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा मंचाची मर्यादा सुरुवातीला एक लाख रुपयांची होती. मोटारीसारखी महाग वस्तूही तेव्हा या मर्यादेत बसू शके.

दुसरी गोष्ट मारुती. गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाहेर पडली. त्याआधीच दहा-दहा हजार रुपये भरून लाखावर लोकांनी नोंदणी केली होती. म्हणजे रांग संपली नव्हतीच. पण गाडीबरोबर अधिकृत वर्कशॉपांचे जाळे आणि मोफत सर्व्हिसची कुपने घरोघरी पोहोचली, आणि त्यांच्यासोबत एक कागद नेहमीचा झाला, जॉब कार्ड.

या कागदाने पुढच्या सगळ्या वादांचा पाया घातला. गाडी आत घेताना तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि ग्राहकाची तक्रार त्यावर लिहायची. गाडी देताना काय काम केले, कोणता भाग बदलला ते लिहून सही घ्यायची. कागद वर्कशॉपच्या सोयीचा. कामगाराला काम वाटून देण्यासाठी आणि वॉरंटीतल्या भागाचे पैसे कंपनीकडून मिळवण्यासाठी तो लागतो. पण मंचासमोर तोच ग्राहकाचा मुख्य पुरावा ठरला. सहा महिन्यांत नऊ जॉब कार्डे, प्रत्येकावर ‘गिअर अडकतो’ अशी एकच तक्रार, एवढे दाखवले की निम्मे काम झाले. वर्कशॉपवाल्यांच्याही हे लवकर लक्षात आले. ‘गिअर अडकतो’च्या जागी ‘जनरल चेकअप’ लिहिले जाऊ लागले, ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा येऊ लागला आणि गाडी घाईने घेऊन जाणारा ग्राहक त्याखाली ‘समाधान झाले’ म्हणून सही करू लागला. या सहीची किंमत त्याला दोन वर्षांनी कळायची.

उरलेले निम्मे काम तज्ज्ञाचे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, असे १९८६च्या कायद्याचे तेरावे कलम सांगत होते. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर औषधाची बाटली किंवा तेलाचा डबा असावा, कारण नमुना सीलबंद करावा असेही त्यात होते. मोटारीचा नमुना काढता येत नाही आणि तिला लाख लावून पाकिटातही घालता येत नाही. प्रत्यक्षात अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक, आरटीओचे निरीक्षक किंवा न्यायालयाने नेमलेले कमिशनर गाडी चालवून अहवाल देऊ लागले. पुण्याला १९६६ पासून एआरएआय ही मोटारींच्या चाचण्यांची मोठी संस्था आहे. पण एखादे नवे मॉडेल नियमांत बसते की नाही हे पाहणे हे तिचे मुख्य काम. एका मालकाच्या डाव्या चाकातून येणारा आवाज हा वेगळाच मामला. शिवाय तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. कंपन्यांचा ठरलेला बचावही इथेच असे. गाडी इतके हजार किलोमीटर धावली आहे, म्हणजे उत्पादनदोष नाही. सदोष गाडीही ऑफिसला जायला वापरावीच लागते, याकडे या युक्तिवादाचे लक्ष नसते.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहिले तर या वादाची दोन टोके दिसतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने आपल्या शेवटच्या काळात ११८ एनई ही गाडी डिझेल इंजिन घालून विकली. तशाच एका गाडीच्या वादात न्यायालयाने २००४ मध्ये कंपनीची कडक शब्दांत कानउघाडणी केली. सदोष गाडी नवी म्हणून विकायची आणि वर दोष मान्य न करता लढत राहायचे, हे लाजिरवाणे असल्याचे ते म्हणाले. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, मारुतीच्या एका प्रकरणात पारडे उलटे झुकले. वॉरंटीच्या अटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी आहे, संपूर्ण गाडी बदलण्याची नाही, असे म्हणून न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला आणि मामला रोख भरपाईवर आणला. वॉरंटी कार्डावरचा बारीक छापा अशा रीतीने कायद्याच्या ऐसपैस व्याख्येला भारी पडला. पुढची बहुतेक वर्षे कंपन्यांचे वकील याच निकालापासून सुरुवात करत.

मधला मार्ग नोव्हेंबर २०१० मध्ये निघाला. फियाटच्या सिएना वीकएंड गाडीचे इंजिन बदलूनही मालकाची तक्रार राहिली होती. न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितले. गाडीत मुळातच उत्पादनदोष निघाला तर किंमत, आयुष्यभराचा वाहनकर आणि हप्ते १२ टक्के व्याजाने परत करावेत, असा आदेश दिला. तरीही एक गोष्ट मोकळीच राहिली. दुरुस्तीचे प्रयत्न किती वेळा करायचे, याचा आकडा कोणत्याही निकालाने किंवा कायद्याने ठरवलेला नाही.

अमेरिकेत नेमका हाच आकडा ठरवण्यातून वेगळा इतिहास घडला. तिथे सदोष गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलेल्या गाजलेल्या निबंधाच्या नावातही हे लिंबू आहे. (आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडायची प्रथा आहे. तिकडे गाडीच लिंबू निघते.) कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये पहिला लेमन कायदा केला. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपात अडकली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे धरून गाडी बदलायची किंवा पैसे परत द्यायचे. कंपनीने गाडी कशी बनवली हे मालकाने सिद्ध करत बसण्याची गरज उरली नाही, खेपा मोजून दाखवल्या की पुरे. हळूहळू सर्व राज्यांनी असे कायदे केले. भारतात जॉब कार्डे आहेत, पण ती किती झाली म्हणजे पुरे, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

दाद मागायची कुणाकडे, हाही प्रश्न सुटलेला नव्हता. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवणार आणि कंपनी विक्रेत्याकडे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली टाटाची गाडी २००९ मध्ये बनलेली निघाली. विकण्याआधीच ती सहाशेच्या वर किलोमीटर धावलेली होती. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत विक्रेता आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला. विक्रेता हा कंपनीचा नोकर किंवा प्रतिनिधी नाही, तो स्वतःच्या नावाने गाडी घेऊन विकणारा स्वतंत्र व्यापारी आहे, आणि त्याने केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे दिसत नाही, असे त्याचे कारण. विक्रेत्यावरचा आदेश तसाच राहिला.

तोवर कायदा बदलला होता. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आले आणि ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याची सोय झाली. एकट्या मालकाचा नव्हे तर अख्ख्या मॉडेलचा दोष असेल तर गाड्या परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, व्यवस्था आधी फक्त ऐच्छिक होती. मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये तशी आचारसंहिता केली होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने सरकारला सक्तीचा अधिकार दिला आणि त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. न्यायालयाचा सूरही थोडा बदलला. अपघातात एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाईच्या क्रेटाबद्दल एप्रिल २०२२ मध्ये निकाल लागला. धडकेचा वेग आणि बल यांचे गणित मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा जाणकार असणे अपेक्षित नाही, असे सांगून न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. इथे तज्ज्ञाच्या अहवालाची अट बरीच सैल झाली.

काही ग्राहक मात्र ग्राहक आयोगाकडे न जाता पोलिसांत गेले. हैदराबादच्या एका कंपनीने २५ सप्टेंबर २००९ रोजी बीएमडब्ल्यूची महागडी गाडी घेतली. चारच दिवसांत तिच्यात गंभीर बिघाड झाला. वर्कशॉपमधून परत आल्यावर नोव्हेंबरमध्ये पुन्हा झाला. मग फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो रद्द केला, पण नवी गाडी द्यायला सांगितले. उत्पादक कंपनी गाडी द्यायला तयार झाली तेव्हा ग्राहकाने गाडी नको, व्याजासह पैसे हवेत अशी भूमिका घेतली आणि प्रकरण वर गेले. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून फौजदारी खटला रद्दच ठेवला आणि सर्व वाद मिटवण्यासाठी ५० लाख रुपये देण्याचा आदेश केला. गाडीतल्या पहिल्या बिघाडाला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.