भंगारातील गाड्यांची शर्यत : ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’

मोटार शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये गाडी सहसा नवी कोरी आणि महागडी असते. ती भिंतीवर आदळली तरी तिचे फारसे बिघडत नाही, कारण मोटार कंपन्या आपल्या गाड्या वापरण्याचा परवाना देताना मोडतोड दाखवण्यावर अनेकदा बंधने घालतात. २००४ मध्ये आलेल्या ‘टेस्ट ड्राइव्ह : ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ने हा संकेतच उलटा केला. येथे गाडी मुळात भंगारातली आणि तिची मोडतोड हाच खेळाचा गाभा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील ‘मॉन्स्टर गेम्स’ने तयार केलेला व ‘अटारी’ने प्रकाशित केलेला हा गेम प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स या कन्सोलसाठी होता. युरोपात तो ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रक्शन’ या नावाने विकला गेला.

जत्रेतला खेळ

या गेमच्या मुळाशी ‘डिमॉलिशन डर्बी’ हा अमेरिकेतील ग्रामीण खेळ आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील आयस्लिप स्पीडवे येथे लॅरी मेंडेलसोहन या आयोजकाने १९५८ च्या सुमारास तो लोकप्रिय केला, असे मानले जाते. पुढे जनावरांच्या प्रदर्शनाइतकाच तो तेथील काउंटी जत्रांचा भाग बनला. जुन्या गाड्यांच्या काचा काढून त्या रिंगणात सोडतात आणि चालक एकमेकांवर धडका देतात. ज्याची गाडी शेवटपर्यंत हलत राहते, तो विजेता. चालकाच्या बाजूच्या दारावर धडक देण्यास मनाई असते. मुरलेला चालक रिव्हर्समध्ये, गाडीच्या मागच्या भागाने धडक देतो. पुढचा रेडिएटर फुटला की इंजिन तापून बंद पडणार, हे त्याला ठाऊक असते. १९६० च्या दशकातील क्रायस्लरची ‘इम्पीरियल’ इतकी दणकट होती, की अनेक स्पर्धांतून तिच्यावर बंदी घालण्यात आली.

शर्यतींचे प्रकार

डर्बीच्या रिंगणाबरोबरच या जगातील इतर शर्यतीही गेममध्ये आहेत. सर्वांत थरारक प्रकार इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या ट्रॅकचा. येथे रस्ता स्वतःलाच छेदतो आणि त्या चौकात ना पूल असतो, ना सिग्नल. प्रत्येक फेरीत तो चौक दोनदा ओलांडावा लागतो. गाड्या ट्रॅकभर पांगल्या की आघाडीवरच्याला मागे राहिलेले आडवे येऊ लागतात. त्यामुळे पहिला असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. ब्रेक लावायचा की वेग वाढवायचा, याचा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. एका प्रकारात काही गाड्या उलट दिशेने धावतात, दुसऱ्यात गाड्यांना ट्रेलर जोडलेले असतात, तर आणखी एकात शाळेच्या अवजड बस ट्रॅकवर उतरतात.

हा केवळ धांगडधिंगा ठरत नाही, याचे कारण ‘मॉन्स्टर गेम्स’चा अनुभव. याच स्टुडिओने २००२ मध्ये ‘नॅस्कार : डर्ट टू डेटोना’ तयार केला होता. मातीवर घसरणाऱ्या गाडीचे वजन कसे जाणवते, याची जाण या गेममध्येही दिसते. करिअर प्रकारात नवशिक्या स्वस्तातल्या जुन्या गाडीपासून सुरुवात करतो आणि बक्षिसाच्या पैशातून पुढची गाडी उभी करतो. हातात फार काही नसलेल्यांच्या शर्यतीचे हे चित्रण आहे आणि ते कोठेही हेटाळणीचे होत नाही. गेमचे खरे आकर्षण तेथेच आहे.

दुर्लक्ष का झाले?

‘टेस्ट ड्राइव्ह’ हे नाव १९८७ पासून फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी यांच्याशी जोडलेले होते. त्या नावाखाली मोडक्या सेडान पाहण्याची अपेक्षा कोणी करणे अवघडच होते. शिवाय २००४ च्या सप्टेंबरमध्ये ‘बर्नआउट ३ : टेकडाउन’ आणि नोव्हेंबरमध्ये फिनलंडच्या ‘बगबेअर’चा ‘फ्लॅटआउट’ आला. धडकांची हौस भागवणारे हे चकचकीत पर्याय अधिक गाजले. हा गेम संगणकासाठी काढलाच गेला नाही. त्यामुळे त्या काळी मुख्यतः संगणकावर खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंपर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

या प्रकाराला मागणी आहे, हे ‘बगबेअर’च्याच ‘रेकफेस्ट’ने २०१८ मध्ये दाखवून दिले. ‘टेस्ट ड्राइव्ह’ हे नाव २०१६ मध्ये ‘बिगबेन’ या फ्रेंच कंपनीकडे गेले, तर ‘मॉन्स्टर गेम्स’ २०२२ मध्ये ‘आयरेसिंग’ने विकत घेतली. नाव एकाकडे आणि निर्माते दुसऱ्याकडे, अशी या गेमची वाटणी झाली. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम आता बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ मधील पाहणीत आढळले. प्लेस्टेशन २ चे उत्पादनही २०१३ च्या सुरुवातीस थांबले. भंगारातून गाडी उचलून ती पुन्हा धावती करण्याचा हा खेळ आता स्वतःच जुन्या डिस्क आणि जुन्या यंत्रांच्या आयुष्यावर अवलंबून आहे.