पांढरीवरची वीट

आमच्याकडे गावाभोवतालची जमीन दोन रंगांत ओळखतात. पीक घेतो ती काळी. जुन्या वस्तीची राखमाती झाली ती पांढरी. संग्रामपूर तालुक्यातल्या भोनची पांढरी पूर्णेच्या काठाला आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. बी. सी. देवतारे तिथं उत्खनन करत होते, तेव्हा मी शाळेतली पोरं घेऊन पाहायला गेले होते.

खड्ड्याच्या काठावर एक भाजकी वीट होती. आजच्या विटेहून लांबरुंद, जाडीला कमी, आणि अंगावर जळून गेलेल्या भुशाच्या रेघा. अशाच विटांचा स्तूप समोर उघडा पडला होता, मौर्य-सातवाहन काळातला, दोन हजार वर्षांहून जुना. एका पोरीनं विचारलं, “बाई, याच्यात मूर्ती कुठी हाय?”

वस्तीतल्या विहारात पितळी बुद्धापुढं मेणबत्ती लावत वाढलेली ती पोर. तिला सांगितलं, त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात घडवतच नसत, पूजा स्तूपाचीच. नालासोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये करंडकाभोवती ठेवलेल्या आठ कांस्यमूर्ती सापडल्या, आज त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. पण त्याही पुष्कळ नंतरच्या काळातल्या. पोरीनं ऐकून घेतलं, चपला काढल्या आणि खड्ड्याच्या कडेकडेनं फेरी घातली. बाकीची पोरं तिच्या मागं निघाली.

मला मात्र तिथल्या विहिरींनी धरून ठेवलं. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून त्या बांधलेल्या. आमचा हा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून माझी आई गोड्या पाण्यासाठी डोक्यावर गुंड घेऊन नदीपर्यंत जायची. त्या कड्यांकडे बघताना तीच आठवत होती. त्या काळच्या बायकांनीही पाण्यासाठी या विहिरींची वाट तुडवली असेल.

आता भोन जिगाव प्रकल्पाच्या बुडितात आहे. धरण नको, असं मी म्हणणार नाही. खारपाणपट्ट्यातलं माणूस पाण्याला नाही कसं म्हणेल? पण आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला धरणाचं पाणी चढण्याआधी तिथले कितीतरी अवशेष टेकडीवर नेऊन पुन्हा उभे केले. भोनच्या स्तूपासाठीही तेवढं व्हायला हवं, आणि पूर्णा तिथवर फुगायच्या आत व्हायला हवं.