तारेचे भाडे

केबल ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. त्याचे उगमस्थान बहुधा जमाखर्चाची वही असते. वीज, गॅस, दूध, मोबाईल, इंटरनेट अशा रकमा एकीखाली एक लिहून झाल्या, की केबलच्या आकड्यापाशी लेखणी थबकते. घरातली तरुण मंडळी तर टीव्हीकडे ढुंकूनही पाहत नाहीत; त्यांचे सगळे तळहातावर चाललेले असते. मग हे तारेचे भाडे आपण भरतो ते कोणासाठी? प्रश्न रास्त आहे. पण तो निव्वळ बेरीज-वजाबाकीचा आहे असे जे समजले जाते, ते मला पटत नाही. ज्या केबलला आज महाग म्हणून निरोप द्यावयास आपण निघालो आहोत, ती आपल्या घरात शिरली तीच मुळी स्वस्त पर्याय म्हणून. हा सारा इतिहास अवघ्या पन्नास वर्षांतला. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे सनावळ्या सांगितल्यावाचून मला राहवत नाही. वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा प्रयोग प्रथम दिल्लीस झाला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईला त्यानंतर तेरा वर्षे वाट पाहावी लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि गच्च्यांवर मासळीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या ॲन्टेना उगवू लागल्या. त्या काळी नुसता संच विकत घेऊन भागत नसे; त्यासाठी परवाना लागे. रेडिओच्या परवान्याला वर्षाला १५ रुपये, टीव्हीच्या परवान्याला ५०, आणि तो दरवर्षी टपाल कचेरीत जाऊन नवा करून आणावयाचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हा परवाना रद्द झाला. दूरदर्शनचा खर्च सरकारी तिजोरी आणि जाहिराती भागवू लागल्या. लोक म्हणाले, टीव्ही फुकट झाला. वास्तविक पैसे आपणच देत होतो. फक्त ते टपाल कचेरीत न देता साबणाच्या वडीत आणि चहाच्या पुड्यात देऊ लागलो.

गिरगावातल्या आमच्या चाळीत आरंभी सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच संच होता, दुसऱ्या मजल्यावर. रविवारी संध्याकाळी चित्रपट असे. त्या बिऱ्हाडाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे, आत मुले मांडीला मांडी लावून बसत आणि बायका गॅलरीत उभ्या राहून खिडकीच्या गजांतून पाहत. आमची आई त्यांतलीच एक. एका रविवारी आम्ही गेलो तो दार लोटून घेतलेले. आतून गाण्याचा आवाज येत होता. त्या माणसांना तरी दोष कसा द्यावा? आठवड्यातून एकदा तीस-पस्तीस माणसांनी आपले घर तुडवलेले कोणाला आवडेल? आईने मला हाताशी धरून खाली आणले. त्यावर ती काही बोलली नाही, परंतु पुन्हा कधी त्या मजल्यावर चित्रपटाला गेली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहे. तिचे काम पुढे पडणार आहे.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि टीव्हीला रंग आला. त्याच सुमारास व्हिडिओ आला. चित्रफीत चालवण्याचे यंत्र विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे, आणि भाड्याने आणले तरी एका रात्रीला बरेच पैसे पडत. तेव्हा मुंबईतल्या काही हिकमती तरुणांच्या डोक्यात एक साधी कल्पना आली. यंत्र एक, कॅसेट एक. पण तिथून तार ओढून वीस घरांना जोडली तर? गच्चीवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, नळाच्या पाइपाला बांधून तार खिडकीतून आत आली. केबलचा जन्म हा असा झाला. सरकारने ती योजली नाही, एखाद्या कारखानदारानेही नाही. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांनीच ती उभी केली, आणि म्हणून तिचा हिशेबही वर्गणीसारखाच राहिला. पाच तारखेला दारात उभे राहावयाचे. नसतील पैसे तर पुढल्या महिन्यात.

नेमकी याच वेळी पृथ्वीपासून शेकडो मैलांवर एक घटना घडत होती, जिचा आमच्या चाळीशी संबंध आहे असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून 'वेस्टार ६' नावाचा दळणवळणाचा उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या मोटारीने दगा दिला आणि तो भलत्याच कक्षेत भटकू लागला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी त्याला अक्षरशः हातांनी धरले आणि यानात घालून परत आणले. पुढे त्याची डागडुजी झाली, तो विकला गेला, आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने पुन्हा आकाशात चढला. आता त्याचे नाव होते 'एशियासॅट १'. हाँगकाँगहून निघणाऱ्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या १९९१ पासून याच उपग्रहावरून आपल्याकडे उतरू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्हीही त्यावरूनच सुरू झाली. आपल्या केबलयुगाची सारी शोभा एका वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या उपग्रहावर उभी होती. चोरबाजारापासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार आवडते.

मध्यंतरी जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटले होते. अमेरिकन वृत्तवाहिनी युद्ध चालू असतानाच ते दाखवत होती. मोठ्या हॉटेलांतून ते दिसे. मग केबलवाल्यांनीही गच्चीवर मोठाल्या छत्र्या बसवल्या. एका छत्रीची किंमत एका बिऱ्हाडाला झेपणारी नव्हती, चाळ मिळून सहज झेपत होती. आमच्या घरी केबल आली ती याच सुमारास, आणि तिची वर्गणी आईने आपल्या शिवणकामाच्या पैशांतून भरली. वडिलांचा विरोध होता. "आपल्या घरात, आपल्या पाटावर बसून बघेन," एवढेच ती म्हणाली.

कायदा या सगळ्याच्या मागून धापा टाकत आला. १९९४ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला, १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. केबलवाल्यांची नोंदणी करण्याचे काम कोणाकडे द्यावे? तर टपाल कचेरीकडे! रेडिओच्या परवान्यांची सवय तिला होतीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या एका खटल्यात निर्वाळा दिला की आकाशातल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. लहरी जनतेच्या खऱ्या, पण तोवर वाहिन्यांनी एकेक करून आपापल्या लहरींना कुलपे लावावयास सुरुवात केली होती. आरंभी केबलवाला फक्त तारेचे पैसे घेत असे, कारण आकाशातून पडणारे त्याला फुकट मिळे. आता किल्लीचेही पैसे द्यावे लागू लागले आणि ते अर्थातच आपल्या पावतीवर चढले.

तरी लोक का देत राहिले? मराठी घरांपुरते याचे उत्तर १९९९ आणि २००० या दोन सालांत आहे. पहिल्या साली अल्फा मराठी आली, जिचे नाव आज झी मराठी आहे. दुसऱ्या साली ई टीव्ही मराठी. तोवर मराठी कार्यक्रम म्हणजे एकटे दूरदर्शन. आता सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी ऐकू येऊ लागले. ज्या बायकांनी आयुष्यभर अर्धवट कळणाऱ्या हिंदीत करमणूक करून घेतली होती, त्यांना घरातल्या भाषेत भांडणाऱ्या सासवा-सुना मिळाल्या. त्या मालिकांची टवाळी करणे सोपे आहे, मीही पुष्कळ केली आहे. परंतु संध्याकाळी सातच्या ठोक्याला आमच्या चाळीतल्या दहा खोल्यांतून एकच शीर्षकगीत ऐकू येई, हे खोटे नव्हे.

हव्या तेवढ्याच वाहिन्या घ्याव्यात आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, हा विचार काही आजचा नाही. ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबईच्या दक्षिण भागात तशी व्यवस्था सक्तीची झाली होती. फुकट वाहिन्यांच्या गाठोड्याला महिना ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीला फार तर ५ रुपये. डब्याचे भाडे व कर वेगळे. आमचे गिरगाव त्यात होते. आईने त्या वेळी मोजून तीन वाहिन्या निवडल्या होत्या! पुढे ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर साऱ्या मुंबईतले जुने प्रक्षेपण थांबले, घरोघरी डबे आले आणि वाहिन्यांची संख्या शेकड्यांत गेली. १ फेब्रुवारी २०१९ पासून पुन्हा नवे दरपत्रक लागू झाले. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनाचे फार तर १३० रुपये, १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि वर सशुल्क वाहिन्यांची जी काय किंमत असेल ती. २०२४ मध्ये वहनाच्या दरावरची ती मर्यादाही उठली. निवडीचा हक्क कागदावर कायम आहे, परंतु तो बजावण्याचा कंटाळा इतका की बहुतेक घरांत केबलवाल्याने सुचवलेले गाठोडेच चालू असते. आमच्याकडेही होते, महिना साडेतीनशेचे.

यंदा चिरंजीवांनी हिशेब मांडला. साडेतीनशे गुणिले बारा, चार हजार दोनशे. इंटरनेट घरात आहेच. मग एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला? स्वस्त पर्याय कोणते, याचा शोध सुरू झाला. पहिला अर्थात गच्चीवरची जुनी ॲन्टेना. ती आता गंजून कावळ्यांच्या उपयोगी पडते आहे. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे ते प्रक्षेपण दूरदर्शनने गेल्या काही वर्षांत जवळपास सगळीकडे बंद केले आहे.

दुसरा पर्याय दूरदर्शनच्या फुकट छत्रीचा. डिसेंबर २००४ मध्ये निघालेली ही योजना आज 'फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यावयाचा, मासिक भाडे नाही. खेड्यापाड्यांतून ती फार पसरली आहे आणि ज्याला दूरदर्शन, बातम्या व जुने चित्रपट पुरतात त्याने बेलाशक घ्यावी असे माझे मत आहे. मात्र तिच्यावरच्या खासगी जागांचा लिलाव होतो, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी उद्या दिसेलच असे नाही. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या काही हिंदी वाहिन्या तिच्यावरून निघून गेल्या आणि २०२० मध्ये परत आल्या. शिवाय तिच्या उपग्रहाकडे पाहण्यासाठी मुंबईहून छत्रीचे तोंड आग्नेयेला करावे लागते. वास्तुशास्त्राने चुलीला नेमून दिलेली ती दिशा. आमच्या गॅलरीचे तोंड नेमके पश्चिमेला! गच्चीवर छत्री लावावयाची तर चाळ समितीचा ठराव हवा, आणि ती बैठक गणसंख्येअभावी दोनदा तहकूब झाली आहे.

तिसरा पर्याय चिरंजीवांचा, सगळे मोबाईलवर आणि इंटरनेटवर पाहण्याचा. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला, हे खरे आहे. पण पाण्यालाही पुढे मीटर बसतो. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने मोबाईलवर फुकट दिसले. २०२५ मध्ये ते पुरते पाहावयाचे तर वर्गणी पडू लागली. १९९१ साली आकाशातून फुकट पडणाऱ्या वाहिन्यांचे जे झाले तेच हे, इतके मी चिरंजीवांना सांगितले. त्यांनी उत्तर दिले की तरीही आज ते स्वस्त आहे, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते.

शेवटी आईला विचारले. तिने आता पंच्याऐंशी ओलांडली आहे, उजव्या डोळ्याला फारसे दिसत नाही. केबलच्या रिमोटवरचे आकडे तिला बोटांनी कळतात; तीन बटणे दाबली की तिची वाहिनी लागते. नव्या पद्धतीत पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरे, चित्रांच्या रांगा, बाण इकडून तिकडे. नातवाने चार दिवस मोठ्या मायेने शिकवले. पाचव्या दिवशी तो कामावरून उशिरा आला, आणि आई सात वाजल्यापासून काळ्या पडद्यासमोर बसून होती.

"तू लावून देतोस रे बाळा," ती त्याला म्हणाली, "पण तू येईपर्यंत मी दारातच उभी."

नातवाला ते दार कोणते हे कळले नाही. मला कळले.

सौ.ने मग वही पुढे ओढली. साडेतीनशेचे गाठोडे सोडावयाचे, वाहिन्या सुट्या घ्यावयाच्या. आईने चार नावे सांगितली. नेहमीप्रमाणे पाच तारखेला केबलवाला आला. व्हिडिओच्या काळात ज्याने आमच्या खिडकीला भोक पाडले त्याचा हा मुलगा. आता त्याच भोकातून इंटरनेटची तारही आणून देतो म्हणतो. यादी पाहून तो हसला. "काका, असं सुटं कोणीच घेत नाही. पॅकेजच घ्या, सोपं पडेल." मी नियम सांगितला. त्याने मोबाईलवर बराच वेळ बोटे फिरवली आणि दोनशे बारा रुपयांचा आकडा काढला.

आईने पैसे आपल्या डब्यातून काढले. दोनशेची एक नोट, दहाची एक, दोनचे नाणे. मग हात पुढे करून तिने पावती मागितली. हल्ली पावती मोबाईलवरच येते, असे तो म्हणाला. आईचा हात तसाच राहिला. तेव्हा त्याने पिशवीच्या तळातून वडिलांचे जुने पावतीपुस्तक शोधून काढले आणि कार्बन नसल्याने एकाच प्रतीवर तिचे नाव लिहिले.