कौलावरचा दात

खोपट म्हणजे झोपडी. ठाण्यातील त्या नावाच्या वस्तीत आज एस.टी.च्या गाड्यांची वर्दळ असली, तरी कौलारू घरांच्या काळी मुलाचा दुधाचा दात पडला म्हणजे तो कौलांवर भिरकावून उंदीरमामाकडे नव्या दाताची मागणी करण्याचा जो प्रघात महाराष्ट्रात होता, तो इथल्या घरांनाही परिचित असणार. मोठ्यांच्या उपटलेल्या दाताच्या वाट्याला मात्र कसलाच संस्कार नव्हता. दंतवैद्याच्या तबकात पडताच तो देहाच्या दप्तरातून खारीज होई.

हा निकाल फिरविण्याची तजवीज १९६७ साली झाली. खनिजांश काढून टाकलेले दंतद्रव्य स्नायूंतही रुजविले असता तेथे नवे हाड उत्पन्न होते, असे अमेरिकेत योमन्स व युरिस्ट यांनी प्रयोगान्ती दाखविले. आणि त्यात नवल ते काय, कारण हे दंतद्रव्य व हाड ही दोन्ही कॅल्शियमयुक्त खनिज आणि कोलाजेन यांचीच बनलेली सख्खी भावंडे आहेत! पुढे जपान आणि कोरिया येथील शल्यवैद्यांनी ही विद्या रुग्णांपर्यंत आणली.

दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजते, आणि कृत्रिम दात बसविण्याच्या इम्प्लांटच्या स्क्रूला तर भक्कम हाडाचाच आधार लागतो. म्हणून किडीचा काळा भाग व जुने सिमेंट खरवडून, मूळ स्वच्छ करून, दात यंत्रात भरडतात; रव्यासारखे ते पांढुरके कण निर्जंतुक करून त्याच रुग्णाच्या रिकाम्या खोबणीत भरतात, आणि त्यांच्या जागी हळूहळू त्याचे स्वतःचे हाड येते. एरवी या कामी वापरली जाणारी जनावराच्या हाडाची भुकटी तोंडात घालण्यास ज्यांचे मन धजत नाही, अशा शाकाहारी माणसांना ही सोय मला फार मोलाची वाटते.